निवृत्त लष्करी ट्रक पुन्हा रस्त्यावर आणण्याआधीची तयारी

लष्कराच्या सेवेतून निवृत्त झालेला ट्रक, मग तो जर्मनीच्या मान कंपनीच्या परवान्यावर जबलपूरला बांधलेला शक्तिमान असो वा त्याच्यामागून आलेला अशोक लेलँडचा स्टॅलियन, दारात उभा राहिला की मालकाचा हात आधी स्टार्टरकडे जातो आणि लगेच रंगाच्या डब्याकडे. पुढील तयारी मुद्दाम वेगळ्या क्रमाने मांडली आहे: कागद, जागा, ब्रेक, इंधन, इंजिन, आणि हौसेच्या सुधारणा सर्वांत शेवटी.

कागदांची खात्री पैसे मोजण्यापूर्वी व्हावी. लष्कराकडून विकलेल्या वाहनाच्या नागरी नोंदणीसाठी केंद्रीय मोटार वाहन नियम ४७ नुसार संबंधित लष्करी अधिकाऱ्याचे मूळ विक्री प्रमाणपत्र, म्हणजे नमुना २१, लागते. त्याची छायाप्रत कोणी कितीही आत्मविश्वासाने पुढे केली तरी तिच्या भरवशावर व्यवहार करू नये. १ एप्रिल २०२३ पासून सरकारी मालकीच्या १५ वर्षांहून जुन्या वाहनांची नोंदणी पुढे चालू राहत नाही; संरक्षण आणि कायदा-सुव्यवस्थेच्या कामातील चिलखती व खास कामाची वाहने तेवढी वगळली आहेत. त्यामुळे ज्या ट्रकाची नागरी नोंदणी आधीच झालेली आहे तोच घेणे शहाणपणाचे आहे. चॅसिसवर ठोकलेला क्रमांक तारेच्या ब्रशने घासून, खडूने उठवून स्वतःच्या डोळ्यांनी वाचावा आणि आरसी पुस्तकाशी अक्षरन् अक्षर ताडून पाहावा. लष्करी हिरवा रंग संरक्षण खात्याच्या वाहनांनाच राखून ठेवला आहे, हे नियम १२१ मध्ये स्पष्ट आहे. म्हणून रंगाचा खर्च अंदाजपत्रकात पहिल्या दिवसापासून धरावा. एकूण वजन ७,५०० किलोंच्या वर असेल तर चालवणाऱ्याला हलक्या वाहनाचा परवाना पुरत नाही.

जागा सिमेंटच्या पक्क्या जमिनीची असावी. पुण्यात जूनपासून सप्टेंबरपर्यंत मातीच्या आवारात जॅक लावणे म्हणजे अपघाताला आमंत्रण देणे होय, शिवाय घासून उघडा केलेला पत्रा त्या हवेत रातोरात गंजतो. यासाठी पत्राकाम मे अखेरपर्यंत उरकेल असे वेळापत्रक आखावे. ट्रकाच्या वजनाला पुरतील अशा चार लोखंडी घोड्या (उचललेला ट्रक टेकवायचे स्टँड), साग किंवा बाभळीचे ठोकळे, मोठे सॉकेट, टॉर्क पाना आणि ग्रीसगन एवढे सामान हाताशी ठेवावे. किरकोळ सुट्या भागांसाठी नाना पेठ, बुश आणि पिना वळवून घेण्यासाठी भोसरीतील लेथवाले, आणि रविवारी जमल्यास जुन्या बाजाराची एक फेरी, एवढ्यात पुष्कळ काम भागते. जुन्या बाजारातून ब्रेकचा कोणताही भाग मात्र आणू नये.

ब्रेकवर या यादीतला सर्वांत जास्त वेळ जावा. वर्षानुवर्षे उभ्या असलेल्या ट्रकाचे व्हील सिलिंडर आतून गंजून चिकटलेले असतात, रबरी नळ्या बाहेरून धडधाकट दिसल्या तरी आतून फुगून वाट अडवतात, आणि जुने ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून बसलेले असते. डॉट ४ प्रतीचे ताजे ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसला उकळते, तर ओल शोषलेल्या ऑइलसाठी ठरवलेली किमान मर्यादा १५५ अंशांचीच आहे, आणि दिवे घाट उतरताना ऑइल उकळून पेडल मऊ पडले की या फरकाचा अर्थ चालकाच्या पायाला कळतो. सर्व रबरी नळ्या न तपासताच बदलाव्यात, धातूच्या नळ्या मात्र तपासून बदलाव्यात. हवेची टाकी असल्यास तळाची चावी उघडून साचलेले पाणी काढावे, दाब पूर्ण भरू द्यावा, इंजिन बंद करावे आणि काटा किती वेळात किती उतरतो हे लिहून ठेवावे. ब्रेकच्या जुन्या लायनिंगमध्ये (ड्रमवर घासणाऱ्या थरामध्ये) अॅस्बेस्टॉस असण्याची शक्यता असल्याने ड्रममधली धूळ कॉम्प्रेसरने कधीही उडवू नये. पाण्याने भिजवून ओल्या फडक्याने पुसावी आणि ते फडके पिशवीत बांधून टाकावे. हे सांगितल्यावर बहुतेक मिस्त्री हसतात. त्यांना हसू द्यावे.

डिझेलची टाकी उतरवून धुणे हे कंटाळवाणे काम असले तरी ते टाळले की तोच गाळ पुढे पंपात आणि सिलिंडरमध्ये इंधन फवारणाऱ्या नोझलमध्ये शिरतो. फिल्टर नवे घालावेत, पंप आणि नोझल पंपवाल्याच्या टेस्ट बेंचवर तपासून घ्यावेत, आणि मगच इंधनमार्गातील हवा काढावी. येथे एक धोका विशेष आहे. बराच काळ बंद राहिलेल्या पंपातील रॅक, म्हणजे इंधनाचे प्रमाण ठरवणारी दांडी, पूर्ण इंधनाच्या स्थितीत अडकलेला असेल तर इंजिन सुरू होताच वेग वाढवत सुटते आणि चावीने वा इंजिन बंद करायच्या दोरीने थांबत नाही. माझ्या पहिल्या ट्रकाच्या वेळी ओळखीच्या एका गॅरेजमध्ये नेमके हेच घडले आणि एका पोऱ्याने प्रसंगावधान राखून हवेच्या तोंडावर लाकडी पाट दाबला, म्हणून इंजिन वाचले. तेव्हापासून पहिल्या स्टार्टच्या वेळी एअर फिल्टरची नळी काढलेली आणि जाड फळी घेतलेला माणूस शेजारी उभा, अशी माझी पद्धत आहे. चिंधी वापरू नये, ती आत ओढली जाते.

त्याआधी इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे फिरते का हे पाहावे. अडले तर जोर न लावता नोझल काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडे तेल सोडावे व ते मुरू द्यावे. डिपस्टिकवरचे तेल दुधाळ दिसल्यास त्यात पाणी मिसळले आहे असे समजून हेड गॅस्केटकडे वळावे. इंधन बंद ठेवून, तेलाचा दाब काट्यावर दिसेपर्यंत स्टार्टर थांबून थांबून मारावा.

टायरच्या बाजूवर डॉट संकेताच्या शेवटी चार आकडे असतात. २३११ म्हणजे २०११ चा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत आहे या समाधानावर जुना टायर ठेवू नये. लॉक रिंग (टायर रिमवर धरून ठेवणारी सुटी लोखंडी कडी) असलेल्या रिममध्ये हवा लोखंडी पिंजऱ्यातच भरावी, कारण नीट न बसलेली रिंग सुटली तर समोरचा माणूस वाचत नाही. किंगपिन (पुढची चाके ज्यावर वळतात त्या पिना), कमानींचे पाटे आणि प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस यांतील ढिलाई पहारीने उचकटून पाहावी. गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटणारी पेटी) व दोन्ही ॲक्सलची तेले बदलावीत.

सुधारणांपैकी डायनॅमोऐवजी अल्टरनेटर, फ्यूज असलेले नवे वायरिंग, तीन बिंदूंचे सीटबेल्ट आणि चांगले आरसे एवढ्यांना माझी बिनशर्त संमती आहे. वायरिंगला हात लावण्यापूर्वी यंत्रणा २४ व्होल्टची आहे का हे मीटरने मोजावे. पॉवर स्टिअरिंग सोयीचे असते, परंतु दुसऱ्या जातीचे इंजिन बसवणे किंवा चॅसिस कापणे हा मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा विषय आहे आणि आरटीओला आधी लेखी विचारल्याशिवाय त्याला हात लावू नये.

पहिली चाचणी आवारात, दुसरी सपाट रिकाम्या रस्त्यावर, आणि घाट त्यानंतर. कोरड्या डांबरावर फोर-व्हील ड्राइव्हसाठी पुढचा ॲक्सल जोडू नये. पहिल्या ५० किलोमीटरनंतर थांबून प्रत्येक हबच्या जवळ हात धरून उष्णता पाहावी आणि चाकांचे नट टॉर्क पान्याने पुन्हा आवळावेत. काही ट्रकांवर डाव्या बाजूचे आटे उलटे असतात, तेव्हा पाना फिरवण्यापूर्वी बोल्टच्या टोकावरची खूण पाहून घ्यावी.