ड्रिल मशीन : भोक पाडण्याआधी, पाडताना आणि नंतर

ड्रिल मशीनवर जोर लावावा लागत असेल, तर काहीतरी चुकतंय असं समजा. बिट बोथट झालं असेल किंवा चुकीचं असेल, वेग जास्त असेल, ठोके सुरू करणारं हॅमरचं बटण नको तिथे असेल, नाहीतर लाईनच कमी येत असेल. भोक पडत नाही म्हणून माणूस छाती लावून दाबतो, मोटर मंदावते, तिच्यामागचा पंखा पुरेशी हवा फेकत नाही, आणि वायंडिंगचा वास येईपर्यंत कोणी ट्रिगर सोडत नाही. मशीन जळते ती अशी.

घर, कोठा आणि शेतातल्या किरकोळ कामांना 13 मिमी चकची (चक म्हणजे बिट पकडणारा जबडा), 550 ते 750 वॅटची, वेग कमी-जास्त होणारी आणि उलटीही फिरणारी इम्पॅक्ट मशीन पुरते. स्लॅब, बीम किंवा कॉलममध्ये 10 मिमीपेक्षा मोठी भोकं पाडायची असतील तर हिचा जीव घेऊ नका, रोटरी हॅमर भाड्याने आणा. त्यात पिस्टन हवेच्या दाबाने ठोका मारतो. इम्पॅक्ट मशीनमध्ये नुसत्या दोन दातेरी चकत्या एकमेकींवर उड्या मारतात, त्यामुळे आवाज खूप आणि काँक्रीटमध्ये मार कमी.

आधी लाईन बघा

650 वॅटची मशीन 230 व्होल्टवर साधारण 3 अँपिअर घेते. गावाच्या टोकाला, त्यातून पंप सुरू असताना, व्होल्टेज 180 पर्यंत उतरलं तर मशीनची ताकद अंदाजे तिसऱ्या हिश्श्याहून जास्त घटते. अशा वेळी बारीक भोकं होतील, पण 10-12 मिमीचं काम लाईन सुधारेपर्यंत ठेवून द्या. दाबून ते होणार नाही.

वायर लांब न्यायची असेल तर 25-30 मीटरपर्यंत 1.5 चौरस मिमीची तांब्याची वायर चालते, त्यापुढे 2.5 ची घ्या. पंख्या-बल्बची बारीक वायर जोडून कोठ्यापर्यंत लाईन नेणं म्हणजे वाटेतच व्होल्टेज सांडणं. वायरचा रीळ असेल तर तो पूर्ण उलगडा, कारण गुंडाळलेल्या वायरला उष्णता बाहेर टाकता येत नाही आणि आतलं इन्सुलेशन मऊ होतं.

शेतात पंपाच्या पेटीतून लाईन घेणाऱ्यांनी हे दोनदा वाचावं. दोन फेजमध्ये 415 व्होल्ट असतात, ड्रिल मशीन त्यावर लगेच जळते. एक फेज घेऊन जमिनीत ठोकलेल्या सळईला न्यूट्रल करायचं, हा जुगाड तर माणूस मारणारा आहे. त्या सळईला किंवा तिच्या आसपासच्या ओल्या मातीला पाय लागला तरी झटका बसू शकतो. शेतातल्या कामाला बॅटरीची मशीन न्या. घरच्या बोर्डाच्या मागे 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळाला की लाईन तोडणारा स्विच) बसवून घ्या. मशीनवर चौकोनात चौकोन अशी खूण असेल तर ती दुहेरी इन्सुलेशनची आहे, तिला दोनच पिना असतात. जुन्या लोखंडी बॉडीच्या मशीनला मात्र तीन पिना आणि खरं अर्थिंग हवंच.

आणि लाईन गेली की काय करता? ट्रिगर दाबून धरणारं लॉकचं बटण लावलेलं असेल, लाईन गेली म्हणून मशीन तशीच खाली ठेवली असेल, तर लाईन आल्याबरोबर ती जमिनीवर गरगर फिरायला लागते. लॉकचं बटण हातात धरून करायच्या कामात वापरूच नका. लाईन गेली की पहिले पिन काढा.

अंगावर काय नको

उन्हाळ्यात डोक्याला बांधलेला दुपट्टा काम सुरू करताना सोडून बाजूला ठेवा. त्याचं टोक चकमध्ये गेलं तर मान खाली खेचली जाते. सैल बाही, पदर, मोकळे केस, मनगटातला दोरा, कडं, सगळ्यांना हाच नियम. हातमोजेसुद्धा नकोत. बिट मोज्याचा धागा पकडतं आणि बोटासकट गुंडाळतं. चष्मा मात्र हवाच, डोक्याच्या वर किंवा छतात भोक पाडताना तर नक्कीच.

बिट बदलताना पिन बोर्डातून काढलेली असावी. यासाठी चकची चावी वायरला पिनेजवळ बांधून ठेवा, म्हणजे चावी हातात घ्यायची तर पिन काढावीच लागते. चकला तीन भोकं असतात. एकाच भोकात चावी घालून आवळलं तर बिट तिरपं बसतं किंवा काम करताना घसरतं. तिन्ही भोकांत फिरवून आवळा, मग चावी काढा, मग पिन लावा, आणि रिकामी मशीन दोन सेकंद चालवून बिट डुगडुगत नाही ना ते बघा.

लोखंडात भोक : कूलरच्या स्टँडपासून

मार्च लागला की अँगल कापणं आणि भोकं पाडणं सुरू होतं. लोखंडात हॅमरचं बटण कायम बंद, आणि बिट एचएसएसचं, म्हणजे हाय-स्पीड स्टीलचं. पाच मिमी जाडीच्या अँगलमध्ये 10 मिमीचं भोक हवं असेल तर असं करा. जागेवर सेंटर पंचाने ठोका मारून खड्डा पाडा, नाहीतर बिट सरकून रंगावर रेघ ओढेल. अँगल शिकंज्यात किंवा सी-क्लँपने लाकडावर पक्का बांधा. पायाखाली दाबून किंवा दुसऱ्याच्या हातात देऊन नाही. आधी 4 मिमीचं भोक आरपार काढा, मग 10 चं बिट लावा. खड्ड्यात इंजिन ऑइलचे किंवा खोबरेल तेलाचे दोन-तीन थेंब टाका, दर थोड्या वेळाने पुन्हा टाका.

वेगाचा हिशोब उलटा असतो: बिट जितकं जाड, वेग तितका कमी. साध्या लोखंडात 6 मिमीला साधारण 1,300 फेरे, 10 ला 800, 13 ला 600. बहुतेक छोट्या मशीन पूर्ण ट्रिगरवर 2,800-3,000 फेरे मारतात, म्हणजे 10 मिमीला ट्रिगर पावच दाबायचा. बरोबर चाललं तर दोन्ही बाजूंनी कीस लांब वळ्यांत निघतो. भुकटी पडत असेल, बिट चिरकत असेल, टोक निळं पडत असेल तर वेग जास्त आहे किंवा धार गेली आहे. स्टेनलेस स्टीलमध्ये वेग याच्याही निम्म्यावर आणा आणि बिट एका जागी घासू देऊ नका. घासलं की स्टील तिथेच कडक होतं, मग पुढे जात नाही.

सगळ्यात धोक्याचा क्षण शेवटचा असतो. बिट पलीकडे निघताना काठाला पकडतं आणि मशीन हातातून पिळली जाते. शेवटचा मिलिमीटर राहिला की दाब जवळजवळ काढून घ्या, बाजूचा दांडा दुसऱ्या हाताने घट्ट धरा आणि कोपर शरीराजवळ ठेवा. बिट अडकलंच तर ट्रिगर सोडा, मशीन पूर्ण थांबू द्या, मगच उलट फिरवा. फिरत असताना दिशेचं बटण ढकललं तर गिअरचे दात जातात.

कोठ्याचं टिन किंवा कूलरचा पत्रा पातळ असल्याने साध्या बिटाने भोक तिकोनी पडतं आणि पत्रा पंख्यासारखा फिरून हात कापतो. पत्रा दोन फळ्यांमध्ये दाबा, किंवा पायऱ्यांचं स्टेप बिट वापरा.

चालू कूलरला भोक पाडायला बसू नका. पिन काढा, टाकी रिकामी करा, आतली पंपाची आणि मोटरची वायर बिटाच्या वाटेतून बाजूला घ्या. हात लावलाच आहे तर लोखंडी कूलरच्या बॉडीला अर्थिंगही करून घ्या: 5 किंवा 6 मिमीचं भोक, त्याभोवतीचा रंग रुपयाएवढ्या गोलात खरवडून चकचकीत पत्रा उघडा, अर्थच्या वायरच्या टोकाला लग (बोल्टची धातूची कडी) दाबून नट-बोल्टने आवळा. रंगावरून आवळलेलं अर्थिंग दिसायला असतं, कामाला नसतं. ते तीन पिनेच्या बोर्डातल्या खऱ्या अर्थला जोडलेलं आहे का, हे वायरमनकडून तपासा.

भिंत आणि लाकूड

भिंतीत भोक पाडण्याआधी बटणांचा बोर्ड कुठे आहे ते बघा. त्याच्या सरळ वर आणि सरळ खाली पाईपमधून वायर गेलेली असते, तो पट्टा सोडा. नळाच्या सरळ वर-खालीही तेच. साधा टेस्टर भिंतीआडची वायर दाखवत नाही.

विटेच्या भिंतीला कार्बाइड टोकाचं बिट लागतं. छपाईचा थर हॅमर न लावता फोडा, वीट लागली की हॅमर. माती-विटेच्या जुन्या भिंतीत हॅमर अजिबात नको, भोक भगदाड होतं. तिथे मोठी गिट्टी (स्क्रू धरण्यासाठी भोकात ठोकायचा प्लग) आणि लांब स्क्रू घ्या, किंवा वजन लाकडाच्या खांबावरच द्या. भोक गिट्टीपेक्षा 5-10 मिमी खोल असावं, बिटाला टेप चिकटवून खूण करा. आतला भुगा पंपाने काढा, तोंडाने फुंकू नका. काँक्रीटमध्ये बिट एकाएकी पुढे जाईनासं झालं आणि आवाज बदलला तर सळई लागली आहे. तिथे दाबण्यात अर्थ नाही, दोन-तीन इंच सरकून दुसरं भोक घ्या. फरशीला हॅमर नाही, काचेला वापरतात ते भाल्यासारखं बिट आणि मंद वेग.

बाभळीच्या जुन्या लाकडात, मग ते बंडीचं असो की वखराचं, आत खिळा मोडून राहिलेला असण्याची शक्यता मोठी. आधी वरून चुंबक फिरवून बघा. चपट्या बिटाने भोक पाडताना टोक पलीकडे दिसलं की थांबा आणि उरलेलं दुसऱ्या बाजूने काढा, लाकूड फाटत नाही.

देखभाल

काम संपलं की मशीन उभी धरून अर्धा मिनिट रिकामी पळवा, आतली धूळ आणि उष्णता निघते. हवेच्या फटी कोरड्या ब्रशने साफ करा. दिवाळीनंतर भाव वाढायची वाट बघत कापूस घरात भरलेला असतो, त्या दिवसांत त्या खोलीत ड्रिल मशीन चालवूच नका. पंखा लव आत ओढतो, आणि कार्बनची, म्हणजे मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणाऱ्या ब्रशची, ठिणगी त्याच हवेच्या वाटेवर पडते. फवारणी पंपाच्या पेट्रोलजवळही हेच.

कार्बन हा या मशीनचा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात विसरला जाणारा भाग. फटीतून बारीक निळसर ठिणगी दिसणं साधारण आहे. ठिणग्यांचं पिवळं कडं फिरताना दिसलं, मशीन मध्येच बंद पडून टिचकी मारल्यावर सुरू झाली, तर कार्बन काढून मोजा. 5-6 मिमी उरला की बदला, आणि बदलताना दोन्ही बदला. दुकानात जुना कार्बन घेऊन जा, त्यावर नंबर असतो. जाडीत अर्ध्या मिमीचा फरक असला तरी तो खोबणीत अडकतो. स्प्रिंग ढिली नाही ना ते बघा. नवा बसवल्यावर पाच मिनिटं रिकामी चालवा म्हणजे त्याचं तोंड आर्मेचरच्या (मोटरच्या फिरत्या भागाच्या) गोलाईला बसतं. आर्मेचरवर तपकिरी छटा चांगली. काळे जळके डाग किंवा खोल चरे असतील तर नवा कार्बनही आठवड्यात खाल्ला जाईल, मग रिवाइंडिंगवाल्याकडे न्या.

चक बदलायचा असेल तर त्याचे जबडे पूर्ण उघडा. आत तळाशी स्क्रू असतो आणि त्याचे आटे उलटे असतात, म्हणजे तो घड्याळाच्या दिशेने फिरवला की सुटतो. नेहमीच्या सवयीने फिरवून अनेकांनी तो तोडला आहे. गिअरपेटीत ग्रीस भरताना पेटी गच्च भरू नका, जास्तीचं ग्रीस गरम होऊन मोटरमध्ये उतरतं.

एचएसएस बिट ग्राइंडरवर घासताना टोकाचा कोन 118 अंश आणि दोन्ही धारा सारख्या लांबीच्या ठेवा. एक धार लांब राहिली की भोक मोठं पडतं. निळं पडण्याआधीच पाण्यात बुडवत राहा. कार्बाइडचं गरम टोक मात्र पाण्यात घालू नका, तडकतं.

बॅटरीच्या मशीनला आपला मे महिना झेपत नाही. बॅटरी दुचाकीच्या डिकीत किंवा ट्रॅक्टरवर उन्हात ठेवू नका, आणि 40 अंशांच्या वर तापलेल्या खोलीत चार्जिंगला लावू नका. सकाळी किंवा रात्री, बॅटरी थंड झाल्यावरच लावा. महिनाभर वापरायची नसेल तर अर्धी भरून ठेवा.

ठेवताना बिट चकमधून काढा, वायर मशीनभोवती घट्ट आवळू नका, मुठीजवळ ती आतून तुटते. डबा पत्र्याचा असावा, धान्याच्या खोलीतले उंदीर वायर सोडत नाहीत. कुरतडलेल्या जागी टेप गुंडाळून काम भागवू नका. जखम मुठीजवळ असेल तर तेवढा तुकडा कापून वायर आत नव्याने जोडून घ्या, मध्ये असेल तर पूर्ण वायर बदला.