घर तहहयात मिळालंय? खर्चाच्या या चुका टाळा

‘घर पत्नीने तहहयात उपभोगावे, तिच्या पश्चात दोन्ही मुलांना समान मिळावे.’ मृत्युपत्रात हे वाक्य असतं, पण खर्च कुणी करायचा याबद्दल सहसा अक्षरही नसतं. मग घरपट्टीचं पहिलं बिल आलं की कुरबुर सुरू.

‘उद्या घर मुलांचंच होणार, मग पट्टी त्यांनीच भरावी’ ही पहिली चूक. मृत्युपत्रात वेगळं लिहिलं नसेल, तर जो राहतो किंवा भाडं खातो, त्यानंच घरपट्टी, पाणीपट्टी, लाइट बिल आणि बोअरच्या मोटरीची दुरुस्ती सोसायची. वडिलांच्या हयातीतली थकबाकी मात्र त्यांनी मागे ठेवलेल्या पैशातून फेडा, ती आईच्या माथी मारू नका. महापालिकेची बिलं सहामाही असतात आणि थकलं की दरमहा २ टक्के शास्ती चढते. बिल अजून वडिलांच्याच नावाने येतंय म्हणून ती काही थांबत नाही. नोंद बदलून घेताना आईचा हयातीचा हक्क आणि मुलांची नावं, दोन्ही लागतील हे पाहा.

खरी भांडणं होतात ती दुरुस्तीवरून. सोलापुरात साखर पेठेत किंवा शुक्रवार पेठेत माळवदाचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं घर असेल, तर पावसाळ्याआधी वर माती टाकून चोपून घेणं, पन्हाळी मोकळी करणं हे राहणाऱ्याचं काम. कंटाळा केला, पाणी मुरलं, तुळई कुजली, की दोष कुणाचा यावर वकिलाचं घर भरतं. याउलट माळवद उतरवून स्लॅब टाकायचा, तर तो फायदा पुढच्या मालकांचा. एवढा खर्च आईनं एकटीनं करायचं कारण नाही. तिनं हौसेनं केलाच, तर पैसे आपोआप परत मिळतील असं धरून चालू नका. आधी सगळ्यांच्या सह्यांनी लिहून घ्या, भावाभावांत कसलं लिहिणं म्हणत बसू नका. आणि सागवानी खांब, दारं काढून विकायचा तर विचारही नको. मुलं कोर्टातून मनाई आणू शकतात.

घर गहाण ठेवून कर्ज काढणं ही आणखी एक चूक. हयातीच्या हक्कावर अख्खं घर गहाण पडत नाही.

एक गोष्ट मात्र वाटण्या करण्याआधी वकिलाला दाखवा. हिंदू वारसा कायदा, १९५६ च्या कलम १४ नुसार, विधवेला आधीपासूनच असलेल्या पोटगीच्या हक्कापोटी घर दिलं असेल, तर कागदावर ‘तहहयात’ लिहूनही ती पूर्ण मालक ठरू शकते. सर्वोच्च न्यायालयाचा १९७७ चा तुळसम्मा खटल्यातला निकाल यावरचाच. तसं ठरलं, तर स्लॅबचा खर्चही तिचा आणि घर विकायचा हक्कही तिचाच.

भाडेकरू ठेवला असेल, तर भाडं आईचं आणि त्यावरचा आयकरही तिचाच. डिपॉझिट मात्र वेगळ्या खात्यात ठेवा. तिच्या माघारी भाडेकरू ते मुलांकडेच मागायला येतो.