नळी किती लांब असावी? ५० मीटर रायफल निवडण्यापूर्वी करायच्या चाचण्या

कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे याने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशन (गुडघ्यावर, पालथे झोपून आणि उभ्याने नेम धरण्याच्या) प्रकारात कांस्यपदक मिळवले. त्यानंतर एअर रायफलवरून ‘पॉइंट टू-टू’कडे, म्हणजे ०.२२ इंची काडतुसाच्या रायफलीकडे, वळू पाहणारी बरीच मुले आणि त्यांचे पालक माझ्याकडे चौकशीला आले. पहिला प्रश्न अर्थातच किमतीचा असतो आणि दुसरा हमखास नळीच्या लांबीचा. नळी जेवढी लांब तेवढी रायफल अचूक, हे बहुतेकांनी घरूनच ठरवून आणलेले असते. या समजुतीत तथ्य आहे; मात्र ते नळीच्या पोलादात नसून साइटमध्ये, म्हणजे नेम धरण्यासाठी रायफलीवर मागे-पुढे बसवलेल्या खुणांमध्ये, आहे, आणि हा फरक न कळल्यामुळे चुकीच्या ठिकाणी पैसे खर्च होतात.

अचूकतेचे दोन भाग आधी वेगळे केले पाहिजेत. रायफल शिकंज्यात घट्ट बसवून झाडलेल्या गोळ्या एकमेकींच्या किती जवळ पडतात, हा झाला रायफलीचा आणि काडतुसाचा ग्रुप. तीच रायफल खांद्याला लावून नेमबाज हव्या त्या जागी गोळी किती सातत्याने नेऊ शकतो, हा दुसरा भाग. नळीची लांबी या दोन्ही भागांवर परिणाम करते, पण वेगवेगळ्या दिशांनी.

वेगाचा गैरसमज

मॅचसाठी वापरल्या जाणाऱ्या पॉइंट टू-टू काडतुसातील शिशाची गोळी सुमारे २.६ ग्रॅमची असते आणि तिचा वेग मुद्दामच ध्वनीच्या वेगापेक्षा कमी, म्हणजे सेकंदाला साधारण ३२५ ते ३३० मीटर, ठेवलेला असतो. या छोट्या काडतुसातील दारू नळीच्या पहिल्या ४०० ते ४५० मिलिमीटरमध्येच आपले काम संपवते. त्यापुढच्या नळीत गोळीला मिळणारा रेटा आणि होणारे घर्षण यांची जवळपास बरोबरी होते, आणि फार लांब नळीत तर वेग किंचित घटूही शकतो. म्हणून ५०० मिलिमीटरच्या जागी ६९० मिलिमीटरची नळी घेऊन वेग वाढेल ही अपेक्षा ठेवू नये. तो वाढावा अशी इच्छाही धरू नये, कारण ध्वनीच्या वेगाच्या वर सुटणारी पॉइंट टू-टूची जलद गोळी वाऱ्याने कमी नव्हे, तर जास्त ढकलली जाते. ध्वनीच्या वेगाच्या आसपास हवेचा अडथळा एकदम वाढतो आणि गोळीचा वाटेत मोडणारा वेळ वाऱ्याच्या पथ्यावर पडतो.

तीनशे मीटरच्या मोठ्या काडतुसांचे गणित निराळे आहे. तेथे दारू जास्त असते आणि उशिरापर्यंत जळते, त्यामुळे .३०८ च्या काडतुसात नळीच्या दर इंचामागे सेकंदाला सुमारे ६ ते ८ मीटरचा फरक पडतो. दूरच्या अंतरावर हा वेग उपयोगी पडतो, पण तोही गोळीची घसरण आणि वाऱ्याचा परिणाम कमी करण्यासाठी. ग्रुप आपोआप लहान होत नाही.

गोळीला मिळणाऱ्या फिरकीचाही लांबीशी संबंध नाही. पॉइंट टू-टूच्या नळीतील खाचा साधारणपणे १६ इंचांत, म्हणजे सुमारे ४०६ मिलिमीटरमध्ये, एक वेढा पूर्ण करतात. गोळी नळीतून निघताना तिची फिरकी खाचांच्या पिळावर आणि त्या क्षणीच्या वेगावर ठरते. नळीत गोळीचे किती वेढे झाले याला महत्त्व नाही.

आखूड नळीचा खरा फायदा

नळी ही एका टोकाला घट्ट धरलेली पोलादी दांडी आहे. गोळी सुटताना ती थरथरते आणि गोळी बाहेर पडण्याच्या नेमक्या क्षणी तिचे तोंड किंचित वर, खाली किंवा बाजूला कललेले असते. हा कल दर वेळी सारखाच असेल तर काही बिघडत नाही; तो बदलत राहिला की ग्रुप फुटतो. दांडीची वाकण्याची प्रवृत्ती लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे समान जाडीच्या दोन नळ्यांपैकी ६९० मिलिमीटरची नळी ५०० मिलिमीटरच्या नळीपेक्षा टोकाशी अडीच पटींहून अधिक लवचिक असते. जाडीचा परिणाम त्याहूनही मोठा आहे: व्यास केवळ १० टक्क्यांनी वाढवला तर नळीचा ताठपणा जवळपास दीडपट होतो. म्हणून दोन रायफलींची तुलना करताना फक्त टेपने लांबी मोजू नये, तोंडाजवळचा व्यासही कॅलिपरने मोजावा.

लांब नळीत गोळी जास्त वेळ राहते आणि तेवढ्यात नेम हलतो, असा एक आक्षेप प्रशिक्षक हमखास घेतात. तो मला थोडा वाढवून सांगितलेला वाटतो. १९० मिलिमीटरच्या जादा नळीतून जायला गोळीला सेकंदाचा सुमारे सहा दशसहस्रांश भाग पुरतो. उभ्या स्थितीत लक्ष्यावरचा नेम सेकंदाला १०० मिलिमीटर या गतीने सरकत असला, तरी एवढ्या अवधीत तो ०.०६ मिलिमीटरच हलेल. रायफलीच्या धक्क्याचे मात्र तसे नाही, कारण गोळी नळीत असतानाच रायफल मागे सरकू लागते. सहा किलोच्या रायफलीची नळी ६९० मिलिमीटरची असेल, तर गोळी तोंडाशी पोहोचेपर्यंत रायफल सुमारे ०.३ मिलिमीटर मागे आलेली असते. नळी ५०० मिलिमीटरची असेल, तर हेच सरकणे ०.२२ मिलिमीटर भरते. खांदा, गाल आणि स्लिंग (रायफल हाताला बांधून ठेवणारा पट्टा) यांचा दाब दर वेळी वेगळा असेल तर या छोट्याशा सरकण्याचीही दिशा बदलते आणि गोळी ‘विनाकारण’ दहाऐवजी नवाच्या वर्तुळात जाते. ज्यांची बैठक अजून पक्की झालेली नाही अशांना आखूड नळी थोडी अधिक माफी देते, ती या अर्थाने.

लांबीचा खरा फायदा: साइटमधील अंतर

उघड्या किंवा पीप साइटने (बारीक छिद्रातून पाहून) नेम धरताना मागच्या आणि पुढच्या साइटमधील अंतर कळीचे ठरते. हे अंतर ७०० मिलिमीटर असेल आणि पुढची साइट मध्यापासून ०.१ मिलिमीटर चुकली, तर ५० मीटरवर गोळी सुमारे ७.१ मिलिमीटर बाजूला जाते. अंतर ८५० मिलिमीटर केले, तर तीच चूक ५.९ मिलिमीटरवर येते. ५० मीटरच्या टार्गेटवर दहाच्या वर्तुळाचा व्यास १०.४ मिलिमीटर असतो, हे लक्षात घेतले तर एवढी बचत किरकोळ नाही. लांब रायफल अचूक वाटते ती यामुळे.

हे अंतर वाढवण्यासाठी नळीच लांब असली पाहिजे असे नाही. नळीच्या तोंडावर पोकळ ट्यूब बसवून तिच्या टोकाला पुढची साइट लावता येते. ट्यूबचे छिद्र नळीच्या छिद्रापेक्षा मोठे असल्याने गोळी ट्यूबला स्पर्श न करता निघून जाते. त्यामुळे आखूड, ताठ नळी आणि लांब साइट-अंतर हे दोन्ही फायदे एकाच रायफलीत मिळतात. जुन्या धाटणीच्या मॅच रायफलींना ६९० मिलिमीटरची नळी असे. आता त्याहून आखूड नळी आणि पुढे ट्यूब अशी रचना सर्रास दिसते ती याचसाठी. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार ट्यूबला किंवा नळीला भोके पाडलेली चालत नाहीत, मझल ब्रेक (धक्का कमी करण्यासाठी नळीच्या तोंडाला लावायचे साधन) चालत नाही आणि पुढची साइट ट्यूबच्या टोकापुढे जाऊ शकत नाही. एअर रायफलमध्ये तर यंत्रणेच्या मागच्या टोकापासून ट्यूबच्या टोकापर्यंत एकूण ८५० मिलिमीटरची मर्यादा आहे.

ट्यूबचे वजन सर्वांत दूरच्या टोकाला पडते, हे विसरू नये. प्रोनमध्ये (पालथे झोपून) ते जाणवत नाही आणि उभ्या स्थितीत काही काळ रायफल स्थिर राहिल्यासारखी वाटते, पण विसाव्या शॉटच्या सुमारास डावा खांदा बोलू लागतो. लहान चणीच्या नेमबाजाने आधी रेंजवरच्या कोणाची तरी ट्यूब मागून घ्यावी आणि तिच्यासह उभ्याने किमान चाळीस शॉट झाडून पाहावेत.

चाचणी कशी करावी

बोल्ट उघडून चेंबर (काडतूस बसण्याची जागा) रिकामे असल्याची खात्री करावी, ते रिकामे असल्याची खूण म्हणून सेफ्टी फ्लॅग घालावा आणि मगच नळीच्या तोंडाकडे जावे. ट्यूब असल्यास ती काढावी. कान साफ करायची कापसाची काडी तोंडाच्या आतल्या कडेवरून हलक्या हाताने एक पूर्ण फेरी फिरवावी आणि भिंगातून पाहावे. एखाद्या जागी कापसाचा तंतू अडकून राहिला, तर तेथे कड उचलली गेली आहे. गोळीच्या बुडाला शेवटचा स्पर्श या कडेचा असतो. ती एका बाजूला दुखावलेली असेल तर मागून सुटणारा वायू गोळीला दर वेळी एका अंगाने ढकलतो. एकदा जुन्या रायफलीची नळी ‘आखूड म्हणून पसरते’ असे मी दोन महिने मानून चाललो होतो आणि दोष निघाला तो चुकीच्या बाजूने घातलेल्या सफाईच्या सळईने घासलेल्या कडेत.

त्यानंतर रायफल शिकंज्यात बसवून, ती सोय नसेल तर स्लिंग लावून प्रोनमध्ये, एकाच लॉटच्या (कारखान्यात एकत्र बनलेल्या तुकडीच्या) काडतुसांचे दहा शॉटचे पाच ग्रुप काढावेत. तीन शॉटचा सुंदर ग्रुप फोटोपुरताच ठीक असतो. टार्गेटवरची रेघ गोळीने नुसती शिवली तरी वरचा गुण मिळतो. त्यामुळे ५.६ मिलिमीटर व्यासाच्या गोळीचा मध्य लक्ष्याच्या केंद्रापासून ८ मिलिमीटरच्या आत राहिला की दहा मिळतात. म्हणजेच १६ मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळात मावणाऱ्या भोकांच्या मध्यांचा ग्रुप नीट केंद्रावर आणला तर सगळे शॉट दहा होतात. रायफल एवढे करत असेल, तर तिची नळी ५०० मिलिमीटरची की ६५० ची, हा वाद तेथेच मिटवावा. करत नसेल, तर नळीला दोष देण्यापूर्वी काडतुसांचे आणखी तीन-चार लॉट झाडून पाहावेत. एकाच नळीत एकाच कंपनीच्या दोन लॉटमध्ये जो फरक दिसतो, तो बऱ्याचदा नळीच्या लांबीने पडणाऱ्या फरकापेक्षा मोठा असतो.

नळी कापून आखूड करून घेण्याचा विचार मात्र कोणीही परस्पर करू नये. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ६ नुसार बंदुकीची नळी आखूड करण्यासाठी परवाना लागतो, आणि स्थानिक कारागिराने ‘दहा मिनिटांत करून देतो’ म्हटले म्हणून तो नियम बदलत नाही.

ट्यूब बसवल्यावर दोन गोष्टी नव्याने जुळवाव्या लागतात. पुढची साइट डोळ्यापासून दूर गेल्याने तिच्यातील रिंग (जिच्यात लक्ष्य धरतात ते कडे) लहान दिसते; डोळ्यापासून ८०० मिलिमीटरवर ३.६ मिलिमीटरची रिंग जेवढी दिसत होती, तेवढीच ९५० मिलिमीटरवर दिसण्यासाठी साधारण ४.३ मिलिमीटरची रिंग घ्यावी लागते. शिवाय साइट-अंतर वाढल्याने मागच्या साइटचा प्रत्येक क्लिक (ती सरकवण्याचा एक टप्पा) गोळीला पूर्वीपेक्षा कमी सरकवतो. ७०० मिलिमीटर अंतरावर जो क्लिक गोळी २ मिलिमीटर हलवत होता, तो ८५० वर सुमारे १.६५ मिलिमीटरच हलवेल. म्हणून सरावाच्या दिवशी मुद्दाम दहा क्लिक एका बाजूला देऊन ग्रुप किती सरकला ते मोजावे आणि तो नवा आकडा जुन्यावर काट मारून डायरीत लिहावा. मॅचमध्ये वारा बदलल्यावर हात जुन्या सवयीनेच क्लिक मोजतो.