शाळा संपण्याआधीची तयारी: दिव्यांग विद्यार्थ्यांसोबत काम सुरू करणाऱ्यांसाठी

विशेष शिक्षक म्हणून नव्याने रुजू होणाऱ्यांना मी आधी एक गोष्ट करायला सांगते. मोठ्या वर्गातलं मूल तुमच्याकडे आलं की त्याची शाळेतली उरलेली वर्षं मोजा. शाळेत असेपर्यंत मुलाला बरंच काही न मागता मिळतं. शिक्षक ठरलेले असतात, थेरपीचे तास ठरलेले असतात, परीक्षेतल्या सवलतींचा अर्ज कुणीतरी भरतं, बैठक कुणीतरी बोलावतं. शाळा सुटली की हे सगळं एकदम थांबतं. पुढे कॉलेज असो, नोकरी असो की दवाखाना, आपल्याला काय लागतं ते स्वतः सांगावं लागतं, कागद दाखवावे लागतात, नकार आला तर पुन्हा विचारावं लागतं. ज्या मुलाला शाळेत कधी काही मागूच दिलं नाही, त्याला ते अठराव्या वाढदिवशी कुठून येणार?

या तयारीला आमच्या क्षेत्रात ट्रान्झिशन प्लॅन म्हणतात. अमेरिकेत विशेष शिक्षणाचा कायदा 1975 चा, पण शाळेनंतरच्या आयुष्याचा विचार त्यात 1990 साली आला. 2004 च्या दुरुस्तीनंतर विद्यार्थी 16 वर्षांचा झाला की पुढचं शिक्षण किंवा प्रशिक्षण, नोकरी आणि गरज असेल तिथे स्वतंत्र राहण्याची कौशल्यं, यांची उद्दिष्टं शाळेने त्याच्यासाठी लिहिलेल्या वैयक्तिक आराखड्यात असावीच लागतात. कायदा 16 म्हणतो, मी 14 म्हणेन. एकट्याने प्रवास करणं, पैसे सांभाळणं, अनोळखी माणसाशी कामाचं बोलणं, यातलं प्रत्येक कौशल्य रुजायला वर्ष-दीड वर्ष सहज जातं आणि ती सगळी एकाच वेळी शिकवता येत नाहीत.

आराखडा लिहायला बसाल तेव्हा जुनी फाइल जरूर वाचा, पण तिच्यावरून उद्दिष्टं ठरवू नका. फाइलीत बहुतेक वेळा मुलाला काय येत नाही तेच लिहिलेलं असतं. तुम्हाला हवं असतं ते वेगळंच: मोकळा वेळ मिळाला की हे मूल कुठे जातं, कशात रमतं, कोणत्या आवाजाने त्रासतं, सकाळी तरतरीत असतं की दुपारनंतर, माणसांत खुलतं की एकटं राहूनच नीट काम करतं. बोलू शकणाऱ्या मुलाला विचारा. न बोलणाऱ्या मुलाला खऱ्या जागी न्या आणि बघा. फोटो दाखवून निवड करायला सांगणं ठीक, पण जी जागा कधी पाहिलीच नाही तिच्या फोटोवर बोट ठेवण्याला मी निवड मानत नाही. पालकांची इच्छा आणि मुलाची इच्छा या दोन गोष्टी कागदावर वेगळ्या लिहा. त्या जुळल्या नाहीत तर घाबरू नका. ती तफावत दिसली म्हणूनच तिच्यावर बोलता येतं.

आणि 'स्वावलंबी होईल', 'आत्मविश्वास वाढेल' असली वाक्यं आराखड्यात येऊ देऊ नका. ती कधी पूर्ण झाली हे कुणालाच सांगता येत नाही. 'शाळेनंतर छापखान्यात अर्धवेळ काम करेल' हे उद्दिष्ट. 'या वर्षी कामाच्या जागी उशीर होणार असेल तर स्वतः फोन करून कळवेल' ही त्याची यंदाची पायरी.

कामाचा अनुभव हा या सगळ्याचा कणा आहे. वर्गात मणी ओवणं, कागदी पिशव्या करणं वर्षानुवर्षं चालतं आणि त्याला 'व्यवसायपूर्व प्रशिक्षण' असं नाव मिळतं. माझा याला विरोध आहे. आधी तयार हो, मग बाहेर जा, असं म्हणत राहिलो तर तयार होण्याचा दिवस उजाडतच नाही. बौद्धिक अक्षमता असलेल्यांच्या बाबतीत तर शिकवायचं ते जिथे वापरायचं तिथेच शिकवावं, कारण वर्गात आलेली गोष्ट दुसऱ्या जागी आपोआप जमेलच असं नसतं. 1970 च्या दशकात अमेरिकन संशोधक मार्क गोल्ड यांनी तीव्र बौद्धिक अक्षमता असलेल्या व्यक्तींना सायकलचा ब्रेक सुटे भाग जोडून तयार करायला शिकवलं. कामाचे बारीक टप्पे पाडले आणि शिकणाऱ्याला जमलं नाही तर शिकवण्याची पद्धत बदलली. अमेरिकेतल्या सिनसिनाटीच्या मुलांच्या रुग्णालयात 1996 साली सुरू झालेला प्रोजेक्ट सर्च हा कार्यक्रम याच दिशेने जातो: विद्यार्थी शाळेचं शेवटचं वर्ष एका मोठ्या आस्थापनेतच काढतात आणि तिथल्या वेगवेगळ्या विभागांत काम शिकतात.

हे जवळून कसं दिसतं ते सांगते. माझा एक स्वमग्न विद्यार्थी ग्रंथालयात परत आलेली पुस्तकं लावायला शिकत होता. पुस्तकाच्या कण्यावरची चिकटपट्टी बघ, तोच रंग असलेलं कपाट शोध, मग आकडा बघ, दोन पुस्तकांच्या मध्ये जागा कर, पुस्तक सरळ उभं राहिलं का ते बघ. एवढे टप्पे. सुरुवातीला मी त्याच्या शेजारी उभी राहून चिकटपट्टीवर बोट ठेवत असे. मग नुसतं बोट उचलायची. मग एक पाऊल मागे, मग कपाटाच्या टोकाला. हे मागे सरकणं जॉब कोचच्या, म्हणजे कामाच्या जागी सोबत राहून शिकवणाऱ्याच्या कामातलं सगळ्यात अवघड आणि सगळ्यात महत्त्वाचं. मूल अडलं की लगेच सुचवलं तर ते पुस्तकाकडे बघायचं सोडून तुमच्याकडे बघायला लागतं. मनात पाच अंक मोजा आणि थांबा. तिथल्या ग्रंथपाल बाई त्याच्याविषयीचे प्रश्न मला विचारायच्या: 'याला उद्या लवकर यायला जमेल का?' मी काही न बोलता त्याच्याकडे वळायचे. तो वेळ घ्यायचा, वहीतलं वेळापत्रक उघडायचा आणि उत्तर द्यायचा. काही आठवड्यांनी त्या थेट त्यालाच विचारू लागल्या. पुस्तकं लावण्याइतकंच मला हेही हवं होतं.

प्रवासाचंही तसंच. बस कशी पकडायची हे सगळेच शिकवतात. बस आली नाही तर काय, चुकीच्या थांब्यावर उतरलो तर कुणाला विचारायचं, फोन बंद पडला तर काय, हे मुद्दाम घडवून सराव करून घ्या. एकट्याने पाठवण्याचा निर्णय याच भागावर घ्यायचा असतो.

आता आराखड्याची बैठक. विद्यार्थ्याच्या आयुष्याची चर्चा आणि विद्यार्थी कोपऱ्यात गप्प, हे चित्र बदलणं तुमच्या हातात आहे. एका मुलीला सेरेब्रल पाल्सी होती, ती संवादाच्या उपकरणावरून बोलायची. आम्ही बैठकीच्या आधी तिची वाक्यं उपकरणात भरून ठेवली: मला काय आवडतं, मला कशाची मदत लागते, मला कोणती मदत नको. तिसऱ्या वाक्याला तिने स्वतःचे शब्द निवडले होते: 'माझी खुर्ची मला न विचारता हलवू नका.' टेबलाभोवतीच्या कित्येकांना ते नव्याने कळत होतं. उत्तर यायला मिनिट लागलं तर मिनिटभर सगळ्यांनी शांत बसायचं, हे आधीच सांगून ठेवा.

कॉलेजला जाणाऱ्या मुलांच्या बाबतीत सवलती कोणत्या आहेत यापेक्षा त्या का लागतात हे मुलाला सांगता येतं का, ते तपासा. अध्ययन अक्षमता असलेली कित्येक मुलं जादा वेळ वर्षानुवर्षं घेतात, पण 'वाचायला वेळ लागतो, समजायला नाही' हे वाक्य त्यांच्या तोंडी कधी आलेलं नसतं. आपला मूल्यांकनाचा अहवाल मुलाने शिक्षकासोबत बसून एकदा तरी पूर्ण वाचलेला असावा.

सज्ञान होण्याच्या वयाची तयारी वर्षभर आधी सुरू करा. सज्ञान झाल्याच्या दिवसापासून कायद्याच्या दृष्टीने निर्णय मुलाचे स्वतःचे असतात. पालकांना हे अनेकदा बँकेत किंवा दवाखान्यात गेल्यावरच कळतं. संयुक्त राष्ट्रांच्या 2006 च्या दिव्यांग हक्क कराराचं 12 वं कलम सांगतं की दिव्यांग व्यक्तीला इतरांइतकीच कायदेशीर क्षमता आहे आणि ती वापरायला लागणारा आधार सरकारने उपलब्ध करून द्यावा. त्यामुळे संपूर्ण पालकत्वाचा, म्हणजे सगळे निर्णय दुसऱ्याच्या हाती देणारा कागद करण्याआधी विचारा: कोणता निर्णय ती एकटी घेऊ शकते, कोणत्या निर्णयाला कुणी समजावून सांगणारं लागेल, आणि तो माणूस तिने निवडलाय का? तुमच्या देशाचा कायदा यात काय मुभा देतो ते जाणकाराकडून समजून घ्या. दवाखान्याचंही आधीपासून बघा, कारण बालरोगतज्ज्ञ कधीतरी मोठ्यांच्या डॉक्टरकडे पाठवणारच. आपल्या औषधाचं नाव, ते कशासाठी, कशाची ॲलर्जी, हे मुलाने स्वतः सांगायचा सराव चौदाव्या वर्षापासून करावा.

शरीर, संमती आणि मैत्री हा विषय बहुतेक आराखड्यांत नसतोच. तो घाला. 'नको' म्हणता येणं आणि दुसऱ्याचं 'नको' ओळखता येणं, हे साध्या शब्दांत आणि वयाप्रमाणे शिकवलं पाहिजे. दिव्यांग मुलांवर अत्याचाराचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. दुसऱ्याच्या हातून कपडे बदलून घ्यावे लागणाऱ्या मुलाला तर हे सगळ्यात आधी कळायला हवं.

पालक घाबरतात, आणि त्यांच्या घाबरण्याला कारण असतं. त्यांच्याशी 'तुम्ही जास्त जपता' असं बोलू नका. आठवड्यातला एक छोटा धोका त्यांच्यासोबत ठरवा: कोपऱ्यापर्यंत एकट्याने जाणं, अर्धा तास घरी एकटं थांबणं. झाल्यावर फोन करून कसं झालं ते विचारा.

शेवटच्या वर्षी जाड फाइलीसोबत एक पानही तयार करा, विद्यार्थ्याच्या शब्दांत आणि त्याच्या फोटोसह: मी कसा संवाद साधतो, मला काय जमतं, मी अस्वस्थ असलो की काय करावं, कुणाला फोन करावा. नव्या जागेवरचा माणूस फाइल क्वचितच उघडतो, पान वाचतो. शाळा सुटल्यावर सहा महिन्यांनी आणि वर्षाने चौकशी कोण करणार त्याचं नाव आराखड्यातच लिहा, आणि त्या माणसाची ओळख विद्यार्थ्याला शाळेत असतानाच करून द्या.