स्थलांतरित शेतमजुरांच्या लहान मुलांसाठी बालशिक्षणाची सोय कशी शोधावी

गोव्यात सत्तरीतील काजूच्या बागायतीत किंवा फोंड्याच्या एखाद्या कुळागरात, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागेत, बेळगाव, विजापूर वा झारखंडकडून कामाला आलेल्या कुटुंबाबरोबर दोन-चार वर्षांचे मूल असेल, तर त्याच्यासाठी जवळपास कोणती सोय आहे हे शोधून देण्याचे काम बागायतदार, पंच, शिक्षक किंवा शेजारी, कोणीही करू शकतो. बहुतेकांची चौकशी ‘गावात अंगणवाडी आहे ना’ या उत्तरापाशी थांबते. ती अंगणवाडी या कुटुंबाच्या दिवसाला आणि हंगामाला जुळते का, हे मात्र कोणी विचारत नाही.

म्हणून कार्यालयात जाण्याआधी कुटुंबाशी बोलावे आणि माहिती कागदावर उतरवावी. मुलाचे वय महिन्यांत लिहावे, कारण सहा महिने, तीन वर्षे आणि सहा वर्षे या तीन टप्प्यांवर सोयी बदलतात. आई कामावर किती वाजता निघते आणि किती वाजता परतते, काम कोणत्या महिन्यापर्यंत आहे, त्यानंतर कुटुंब गावी जाणार की दुसऱ्या तालुक्यात, घरात कन्नड बोलतात, लमाणी बोलतात की सादरी, हेही विचारावे. आणखी एक प्रश्न सहसा राहून जातो: सध्या या मुलाला कोण सांभाळते? उत्तर पुष्कळदा ‘मोठी बहीण’ असे असते आणि त्या आठ-नऊ वर्षांच्या मुलीची शाळा त्यापायी सुटलेली असते. अशा वेळी एका मुलाची सोय शोधताना आपण दोघांची सोय शोधत असतो.

यानंतर वयानुसार सोयी पाहाव्यात. सहा महिने ते सहा वर्षे वयाच्या मुलांना अंगणवाडीतून मोफत आहार मिळणे हा 2013 च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने दिलेला हक्क आहे. तीन ते सहा वर्षांच्या मुलांना तिथे पूर्वप्राथमिक शिक्षणही मिळते. मात्र अंगणवाडी दुपारी मुलांना घरी सोडते आणि बागायतीतील काम संध्याकाळपर्यंत चालते. ही मधली पोकळी भरण्यासाठी पाळणाघर लागते. केंद्र सरकारच्या ‘मिशन शक्ती’खाली ‘पाळणा’ ही योजना असून तिच्यात अंगणवाडीलाच पाळणाघराची जोड देण्याची तरतूद आहे. तिच्या आधीच्या राष्ट्रीय पाळणाघर योजनेत महिन्याला 26 दिवस आणि दिवसाला साडेसात तास ही वेळ ठरवलेली होती, यावरून कष्टकरी आईच्या दिवसाचा हिशेब कसा असतो हे कळते. आपल्या तालुक्यात असे केंद्र आहे का, हे तालुक्याच्या बाल विकास प्रकल्प अधिकाऱ्यांना थेट विचारावे.

सोयीने मुलाच्या दिवसाशी जुळवून घ्यावे, ही कल्पना नवी नाही. ‘अंगणवाडी’ हे नावच बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडच्या आदिवासी पाड्यांवर केलेल्या कामातून आले. मूल शाळेत येत नसेल तर शाळा त्याच्या अंगणात न्यावी आणि ते गुरे राखत असेल तर कुरणात न्यावी, हा त्यांचा विचार होता. अमेरिकेत स्थलांतरित शेतमजुरांच्या मुलांसाठी ‘हेड स्टार्ट’ या सरकारी बालशिक्षण कार्यक्रमाची वेगळी शाखा 1969 मध्ये सुरू झाली आणि तिथली केंद्रे पिकांच्या हंगामाप्रमाणे चालतात. आपल्याकडे दिल्लीत बांधकाम मजुरांच्या मुलांसाठी ‘मोबाईल क्रेशेस’ या पाळणाघरे चालवणाऱ्या संस्थेचे काम सुरू झाले, तेही 1969 मध्येच.

केंद्र सापडले की ते चालू असताना, शक्यतो सकाळी, स्वतः जाऊन पाहावे. फळ्यावरील वेळापत्रकापेक्षा सेविकेशी झालेल्या दहा मिनिटांच्या बोलण्यातून अधिक कळते. हंगामाच्या मध्येच मूल आले तर घेता का? काजूचा हंगाम मार्च ते मे असतो, तेव्हा मे महिन्यात केंद्र किती दिवस उघडे असते? आहाराखेरीज गोष्टी, गाणी, खेळ यांना रोज किती वेळ मिळतो? बागायतीपासूनची वाट पावसात ओहोळ ओलांडून जाते का? भाषेची चिंता मात्र माझ्या मते फार करू नये. तीन वर्षांचे मूल कोकणी-मराठी लवकर उचलते. सेविकेला त्याच्या भाषेतले ‘पाणी’, ‘भूक’, ‘आई’ एवढे शब्द येत असले तरी पहिले आठवडे निभावतात.

कागदपत्रांबाबत आपल्याकडे एक गैरसमज पक्का बसलेला आहे. गृहिणींना मासिक मदत देणाऱ्या गृह आधारसारख्या राज्य योजनांना 15 वर्षांच्या वास्तव्याची अट असल्याने अंगणवाडीलाही तसा दाखला लागतो, असे लोक धरून चालतात. अंगणवाडीला तशी अट नाही आणि आहारासाठी मुलाचे स्वतःचे आधार कार्डही सक्तीचे नाही, आईच्या आधारवर नोंद होते. सहा वर्षे पूर्ण झालेल्या भावंडाला वयाचा दाखला नाही म्हणून शाळेत प्रवेश नाकारता येत नाही, हे शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 14 मध्ये स्पष्ट आहे.

जवळ केंद्रच नसेल, तर आधी मुले मोजावीत. वस्तीत सहा वर्षांखालील किमान 40 मुले असून अंगणवाडी नसेल, तर मागणी केल्यापासून तीन महिन्यांच्या आत ती मिळावी, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2006 मध्ये दिला आहे. कुळागरांतील कुटुंबे विखुरलेली असल्याने एका वाड्यावर ही संख्या भरणे कठीण, तरीही यादी करून विषय ग्रामसभेत मांडावा, म्हणजे निदान मुलांची नोंद तरी होते. तोंडी उत्तरांनी समाधान होत नसेल, तर महिला व बाल विकास संचालनालयाकडे 10 रुपये शुल्क भरून माहिती अधिकाराचा अर्ज करावा. उत्तरासाठी 30 दिवसांची मुदत असते. अर्जात तालुका, केंद्राची वेळ आणि नोंदलेल्या मुलांची संख्या असे नेमके प्रश्न घालावेत.

कुटुंब पुढच्या गावी निघणार हे कळताच, निदान आठवडाभर आधी, सेविकेला सांगावे. अंगणवाड्यांच्या ‘पोषण ट्रॅकर’ या मोबाईल अ‍ॅपवरील मुलाची नोंद दुसऱ्या अंगणवाडीकडे, अगदी परराज्यातही, वळवता येते, तसे झाले की नव्या ठिकाणी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. लसीकरणाच्या नोंदी असलेले माता-बाल संरक्षण कार्ड आईजवळच राहू द्यावे, मुकादमाकडे ठेवू नये. त्याच्या मागच्या पानावर या अंगणवाडीचे नाव, गाव, तालुका आणि मुलाची उंची-वजन शेवटचे घेतल्याची तारीख सेविकेकडून लिहून घ्यावी.