सोसायटीच्या गच्चीवर सामूहिक बाग करताय? या चुका टाळा

पुण्या-मुंबईत पावसाळा तोंडावर आला की कुठल्या ना कुठल्या सोसायटीत गच्चीवर बाग सुरू होते. दिवाळीपर्यंत त्यातल्या कित्येकींचे नुसते क्रेट उरतात. चुका मात्र दरवेळी त्याच.

सगळ्यात महागात पडते मातीची चूक. टेम्पोभर लाल माती मागवायची, कठड्यालगत विटांचे वाफे बांधायचे आणि थेट कोब्यावर फूटभर माती ओतायची. असा एक चौरस मीटरचा थर भिजला की 500 किलोच्या घरात जातो. ये-जा असलेली सपाट गच्ची चौरस मीटरला साधारण 150 किलो वापरभार, म्हणजे माणसं-सामानाचं वजन, धरून आखतात. पुढचं ठरलेलंच. जुलैत माती वाहत जाऊन पाणी जाण्याच्या भोकाशी बसते, पाणी तुंबतं, कोब्याच्या भेगांतून झिरपतं आणि वरच्या मजल्यावरच्या छताला ओल येते. सभेत ठराव होतो, बाग उचलली जाते. गळती जुनीच होती, हे तेव्हा कोणी ऐकून घेत नाही. म्हणून आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरचं मत, समितीची लेखी परवानगी आणि छताचे तारखेसह फोटो. त्यानंतर पहिला क्रेट.

वाफे नकोतच. भाजीचे क्रेट घ्या, आतून शेडनेट लावा आणि विटांवर, बीमच्या रेषेत ठेवा. कठड्यालगत झाडू फिरेल एवढी जागा सोडा. तळाला रसवंतीतली चिपाडं घाला, पण रात्रभर पाण्यात भिजवून, नाहीतर मुंग्या आल्याच. वर तीन घमेली पालापाचोळ्याचं खत, एक घमेलं माती आणि मूठभर निंबोळी पेंड.

हे खत तीन-चार महिने घेतं आणि नवशिक्यांचा धीर इथेच सुटतो. अर्धकच्चा पाला भरला की तो कुजताना मातीतलं नत्र ओढून घेतो. मेथी चार बोटं वाढून पिवळी पडते आणि मग युरिया टाकायची घाई होते. हा उपाय आम्हाला अजिबात मान्य नाही. पाला हाताने चुरा, अमृतजलात बुडवून काढा, थर द्या, आठवड्याला एकदा खालवर करा. अमृतजलासाठी 10 लिटर पाण्यात एक किलो ताजं शेण, एक लिटर गोमूत्र आणि 50 ग्रॅम काळा गूळ घालून तीन दिवस ढवळायचं, चौथ्या दिवशी दहापट पाणी घालून वापरायचं. खत तयार झालं की त्याला पावसानंतरच्या मातीचा वास येतो, पान ओळखू येत नाही.

दुसरी मोठी चूक पाण्याची. ‘सगळे मिळून पाणी घालू’ असं ठरलं की सोमवारी तिघं घालतात आणि सलग सुटीत कोणीच नाही. त्यातून मुळं कुजली तरी पानं माना टाकतात. बघणाऱ्याला झाड तहानलेलं वाटतं आणि तो आणखी एक तांब्या ओततो. गच्चीच्या दारावर तक्ता लावा: एका दिवसाला एक घर, शेजारी बदली घराचं नाव. पाण्याआधी बोट दोन पेरं मातीत घालायचं. ओल लागली तर तांब्या परत ठेवायचा.

बाकीच्या थोडक्यात. कुंडीखालच्या थाळ्या आठवड्यातून एकदा रिकाम्या करून घासा, डेंग्यूचे डास तिथेच अंडी घालतात. धने रगडून दोन फोडी करून पेरा. भर पावसात टोमॅटोचा हट्ट नको. पहिलं पीक मेथी, नाहीतर माठ. पिठ्या ढेकूण (कापसासारखी पांढरी कीड) दिसला तर जुन्या टूथब्रशने साबणपाणी लावून घासा. मग लिटरभर पाण्यात पाच मिली निंबोळी तेल आणि दोन-चार थेंब भांड्यांचं लिक्विड मिसळून संध्याकाळी फवारा.

आणि काढणीचा वार बाग लावतानाच ठरवा. रविवारी सकाळी सगळ्यांसमोर भाजी खुडायची, तक्त्यावरच्या प्रत्येक घराला सारखी जुडी द्यायची. मध्येच कोणी ‘फोडणीपुरता’ कढीपत्ता तोडायला लागलं की महिन्याभरात पाणी घालणारे कमी होतात.