मराठी टायपिंगने करंगळी भरून येते? कीबोर्ड घ्यायच्या आधी शिफ्ट बघा

डीटीपीवाले, भाषांतरवाले, ऑफिसात दिवसभर इनस्क्रिप्ट (मराठी अक्षरांची कीबोर्डवरची ठरलेली मांडणी) बडवणारे, हात दुखायला लागला की सगळे आधी ऑनलाईन महागडे अर्गोनॉमिक कीबोर्ड बघत बसतात. जरा थांबा, आधी नेमकं कुठलं बोट दुखतंय ते बघा, बहुतेक वेळा करंगळीच निघते.

इनस्क्रिप्टमध्ये ख, घ, थ, ध, भ शिफ्टवर, श पण शिफ्टवर, आणि ज्यांच्याशिवाय मराठीचं पान हलत नाही ते ळ आणि ण सुद्धा शिफ्टवरच. "शाळा आणि" एवढंच टाईप करून बघा, श, ळ, आ, ण असे चार शिफ्ट झाले की! वर च, ट, ड, एंटर, बॅकस्पेस सगळं उजव्या करंगळीच्याच गळ्यात. त्यात बरेच जण सगळीकडे डावाच शिफ्ट दाबतात, श आणि ळ ला ते ठीकय कारण ती अक्षरं उजव्या हाताची, पण आ आणि ण डाव्या हाताची असल्यामुळे एकाच हाताने शिफ्ट धरून बोटं ताणावी लागतात. तिथे उजवा शिफ्ट वापरा, सवय लागेपर्यंत चिडचिड होईल, होऊ दे.

याहून सोपा उपाय म्हणजे स्टिकी कीज. विंडोजमध्ये शिफ्ट लागोपाठ पाच वेळा दाबला की विचारणा येते (गेम खेळणारे जिला शिव्या घालतात तीच), तिला हो म्हणायचं. मग शिफ्ट दाबून सोडून द्यायचा आणि नंतर अक्षर दाबायचं, धरून ठेवायची गरजच नाही. फक्त सेटिंगमध्ये "दोन कीज एकत्र दाबल्या की बंद कर" अशा अर्थाचा पर्याय असतो तो काढून टाका, नाहीतर जुन्या सवयीने पहिल्याच ओळीत बंद पडेल.

आता मनगट. कीबोर्डच्या मागचे दोन पाय आत्ताच्या आत्ता मिटवा. ते उघडे असले की मनगट वरच्या बाजूला वाकतं आणि मनगटातल्या ज्या अरुंद बोगद्यातून बोटांचे 9 स्नायुबंध आणि एक नस जाते तिथे दाब वाढतो. टेबल साधारण 75 सेंटीमीटर उंच असतं, आपल्यातल्या बऱ्याच जणांना ते उंचच पडतं, म्हणून खुर्ची वर घ्या आणि पाय लोंबकळायला लागले तर खाली पाट ठेवा. रिस्ट रेस्टवर (कीबोर्डपुढची मऊ पट्टी) टाईप करताना मनगट टेकवू नका, थांबलात की तळहात टेकवा.

एवढं करूनही खरेदी करायचीच असेल तर आधी नमपॅड (उजवीकडचा आकड्यांचा भाग) नसलेला कीबोर्ड घ्या, माऊस जवळ येतो आणि खांद्याला आराम मिळतो. आकड्यांचं काम असेल तर वेगळा यूएसबी नमपॅड डाव्या बाजूला ठेवा. टाईपरायटरवर शिकलेली मंडळी की तळापर्यंत ठोकतात, त्यांना मेकॅनिकल (प्रत्येक कीखाली वेगळा स्विच असलेला) बरा, चेरी कंपनीचा रेड स्विच 45 ग्रॅमच्या आसपासच्या दाबाला 2 मिलिमीटरवरच अक्षर उमटवतो, पुढचे 2 मिलिमीटर दाबायचं कारणच नाही. मधून दुभागलेला, म्हणजे लॉजिटेकच्या के860 सारखा, मनगटं सरळ ठेवतो हे खरं, पण त्यात बी ची की डाव्या भागात असते आणि इनस्क्रिप्टचा "व" नेमका तिथेच, त्यामुळे व उजव्या हाताने मारणारे सुरुवातीला मधल्या रिकाम्या जागेत बोट आपटतात. शक्य असेल तर दुकानात किंवा मित्राकडे एखादा परिच्छेद टाईप करून बघा मगच पैसे घाला. व्हर्टिकल माऊस (हात हस्तांदोलनासारखा उभा धरायचा) चांगला, पण हाताच्या मापाचा नसेल तर उपयोग शून्य.

लांबलचक मजकूर असेल तर पहिला खर्डा गूगल डॉक्समध्ये बोलून काढा, मराठी बऱ्यापैकी समजतं त्याला, ऱ्हस्व-दीर्घ नंतर हाताने.

आणि रात्री झोपेत अंगठा, तर्जनी, मधलं बोट बधिर होत असेल, किंवा हातातून कप निसटायला लागला असेल, तर कीबोर्ड बदलत बसू नका, सरळ हाडांच्या डॉक्टरकडे जा.